पडदा, कपडेपट आणि घमेले

सकाळी सात-साडेसातच्या सुमारास वारज्याच्या माळवाडीतून हमरस्त्याच्या बाजूस निघाले, म्हणजे बांधकामावर जाणाऱ्या बायांचे घोळके भेटतात. हातात डब्याची पिशवी, डोक्यावर पदर, आणि साडीवर पुरुषाचा पुऱ्या बाह्यांचा सदरा. हा सदरा बहुधा नवऱ्याचा असतो, विटलेला असतो, कॉलरीपाशी फाटलेलाही असतो. परंतु तो घालण्यात केवढा विचार आहे तो पाहावा. बाह्यांमुळे उन्हाचा चटका कमी बसतो, सिमेंट अंगाला खात नाही, सळईचा ओरखडा कातडीवर न जाता कापडावर जातो. पदर सदऱ्याखाली दबून राहतो, म्हणून तो कशात अडकण्याची भीती नाही. आणि साडीला जो नसतो तो खिसा या सदऱ्याला असतो. त्याच बाईच्या डोक्यावर घमेल्याखाली जी चुंबळ असते, तीही जुन्या लुगड्याच्या फडक्याचीच. हा पोशाख कोणा शिंप्याने बेतलेला नाही आणि कोणत्या दुकानात तो टांगलेला दिसत नाही. ऊन, काम आणि अडचण या तिघांनी तो बेतला.

व्याख्यानमालेच्या संयोजकांनी आम्हांला विषय दिला तो असा : वेशभूषा, नेपथ्य आणि रोजचे जगणे यांतून कलावंताला स्फूर्ती कशी मिळते? विषय ऐकून आमच्या एका सोबत्याने विचारले, "तुमचा आणि स्फूर्तीचा संबंध काय?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आमचे शिक्षण रात्रशाळेतले आणि पुढचे सार्वजनिक वाचनालयातले. गेली तीस वर्षे आम्ही बांधकाम मजुरांत आणि शिलाई कामगारांत संघटनेचे काम करीत आलो. आम्हांला कलेचे शास्त्र येत नाही. हजेरीपट मात्र वाचता येतो. म्हणून आम्ही या विषयाकडे हजेरीपट वाचावा तसेच पाहिले : काम कोणी केले, आणि नाव कोणाचे लागले?

मराठी रंगभूमीचा आरंभ आपण ५ नोव्हेंबर १८४३ पासून धरतो. त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाची गोडी लागली. या नाटकांतून राजवाडे, उपवने, आश्रम दिसत ते रंगवलेल्या पडद्यांवर. पडदा उलगडला की वन, गुंडाळला की महाल. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत. ज्या काळात रंगभूमीवर स्त्री नव्हती, त्या काळात घरातल्या स्त्रीला तरी आपल्या पोशाखाची मोकळीक होती का?

याचे उत्तर शोधायला वारज्याहून फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या हिंगण्यास, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी आपला अनाथ बालिकाश्रम आणला. त्या वेळच्या उच्चवर्णीय घरांतल्या विधवेने केशवपन करून तांबडे आलवण नेसावे असा दंडक होता. नवऱ्याच्या मृत्यूबरोबर तिच्या अंगावरचा रंगही ठरून जाई. पोशाख ही नुसती हौसेची बाब नव्हे हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने त्या आलवणाची आठवण ठेवावी. कोणी काय नेसावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न पोशाखात आधीपासूनच शिवलेला असतो.

अशा काळात नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, स्त्रीभूमिका करू लागले. त्यांचा जन्म १८८८चा, आणि १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांच्या कपडेपटात खऱ्या पैठण्या आणि शालू असत. खर्चाला हात आखडणे त्यांना माहीत नव्हते, आणि पुढे मंडळी कर्जात बुडाली त्याचे एक कारण हेही होते. बालगंधर्वांचे नेसणे, पदर घेणे, केसांत फुले माळणे पाहून घरोघरच्या स्त्रिया तसे करू लागल्या हे सर्वश्रुत आहे. परंतु याची दुसरी बाजू आपण बोलत नाही. पदर कसा सावरावा, मान कशी वळवावी, लाजताना नजर कोठे जाते हे त्या पुरुषाने कोठून उचलले? घरोघरच्या स्त्रियांकडूनच. स्त्रियांनी आपलेच वागणे रंगभूमीच्या उजेडात पाहिले आणि ते नवे म्हणून घरी नेले.

त्याच बालगंधर्वांचे दुसरे रूप १९१९ साली गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकात दिसले. सिंधूच्या भूमिकेत ते ठिगळांचे लुगडे नेसून उभे राहिले. प्रेक्षकांना पैठणी मिरवणारे बालगंधर्व ठाऊक होते, त्यांच्यासमोर दारिद्र्याने गांजलेली बाई आली. फॅशन म्हणून उचलली गेली ती पैठणी, ठिगळे कोणी उचलली नाहीत, कारण ती पुष्कळांच्या घरी होतीच. परंतु नाटकगृहात डोळे पुसले गेले ते ठिगळांपुढे. आमच्या मते वेशभूषेची सगळी ताकद या एका उदाहरणात सापडते. भारी कापड डोळा दिपवते. ओळखीचे कापड मात्र आतवर जाते.

आता पडदे रंगविणाऱ्याकडे वळू. कोल्हापुरात मेस्त्री घराण्यात १८९० साली बाबुराव कृष्णराव मेस्त्री जन्मले. सुतारकाम, कोरीवकाम, चित्रकाम हा त्यांच्या घरचाच व्यवसाय. १९१०च्या पुढे काही वर्षे त्यांनी आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले, आणि त्यावरून लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले. म्हणजे ज्या नावाने आपण त्यांना कलामहर्षी म्हणून वंदन करतो, ते नाव मुळात धंद्याचे आहे. फाळक्यांच्या चित्रपटाने दोघा भावांना वेड लावले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबुरावांनी पुढे चित्रण करणारा कॅमेरा स्वतः तयार करविला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जन्मभर पडदे रंगविण्यात ज्याचा हात बसला होता, त्यानेच चित्रपटातून रंगवलेला पडदा काढून टाकून भिंती, खांब, दारे यांची खरी मांडणी उभी केली. लाकूड आणि दगड हाताळलेल्या माणसाला रंगवलेला खांब खोटा वाटत असला पाहिजे, असे आम्हांला वाटते. प्रसंगांची आणि पोशाखांची रेखाटने ते आधी काढून ठेवीत. आणि मग १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरी आपट्यांची. शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात येऊन गिरणीकामगार होतो, एवढीच ती गोष्ट. देवादिकांचे चित्रपट चालत असताना या मेस्त्र्याने एक झोपडी, एक कुणबी आणि एक कर्जाचा कागद पुरेसा मानला. अंधारलेली झोपडी आणि बाहेर ओरडणारे कुत्रे, हे त्यातले दृश्य पाहणाऱ्यांनी पुढे अनेक वर्षांनी आठवून लिहून ठेवले आहे.

नाटकात हे वळण १९३३ साली आले. 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचे, मराठी रूप श्रीधर विनायक वर्तकांचे. गुंडाळणारे पडदे जाऊन दारे-खिडक्यांची खरीखुरी खोली उभी राहिली, आणि स्त्रियांच्या भूमिका ज्योत्स्ना भोळे, पद्मावती वर्तक अशा स्त्रियांनीच केल्या. नाटकगृहात येणाऱ्या माणसाला प्रथमच आपल्या घरासारखे घर समोर दिसले. हिंगण्याच्या आश्रमानंतर तेहतीस वर्षांनी बाई आपल्या रोजच्या पोशाखात रंगभूमीवर चालत आली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी थेट संबंध आम्ही जोडीत नाही. एवढेच सांगतो की, एकीवाचून दुसरीची कल्पना करणे कठीण आहे.

बाबुराव पेंटरांचा धागा पुढे कोठवर गेला तेही पाहू. त्यांच्या चित्रपटांत काम केलेले एक चित्रकार म्हणजे कोल्हापूरचे अण्णासाहेब राजोपाध्ये. त्यांची मुलगी भानुमती, १९२९ सालची. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत तिने सुवर्णपदक मिळविले, १९५३ साली प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या प्रदर्शनात तिची चित्रे लागली. पोटापाण्यासाठी ती स्त्रियांच्या मासिकांतून पोशाखांची रेखाटने काढू लागली, आणि त्यातूनच कपडे शिवून घेण्याचे व पुढे चित्रपटांच्या वेशभूषेचे काम आले. याच भानू अथय्या. १९६८च्या 'ब्रह्मचारी' चित्रपटात मुमताजसाठी त्यांनी नारिंगी रंगाची आधीच शिवून तयार ठेवलेली साडी बेतली. ती इतकी गाजली की त्या नेसण्याला मुमताजचेच नाव पडले. आमच्या लहानपणी शिंप्याच्या दुकानात "मुमताजसारखी" एवढे सांगितले की पुरत असे. भानूबाईंचे नाव त्या दुकानात आम्ही कधी ऐकले नाही.

पुढे 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना ऑस्कर मिळाले. ते साल १९८३. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आणि या पोशाखाचे मूळ कशात होते? २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधीजींनी सदरा-टोपी टाकून गुडघ्यापर्यंतचा पंचा स्वीकारला, कारण शेतात राबणाऱ्या गरिबाच्या अंगावर त्याहून अधिक कापड नव्हते. म्हणजे प्रथम तो पोशाख शेतमजुराचा. मग तो एका महापुरुषाचा झाला. मग रुपेरी पडद्यावर आला, आणि शेवटी त्याला जगातले सर्वांत झगमगते पारितोषिक मिळाले. एवढा लांबचा प्रवास त्या पंच्याने केला.

परंतु याच सालांत दुसरी एक गोष्ट घडत होती, आणि संघटनेच्या माणसाला ती विसरता येत नाही. 'गांधी' १९८२च्या अखेरीस पडद्यावर आला. त्याच वर्षी १८ जानेवारीस मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांनी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला होता. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. हळूहळू गिरण्या मिटल्या, माणसे पांगली, आणि कापड विणण्याचे काम भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर गेले. एकीकडे सुताच्या कापडाचा जगभर गौरव, आणि दुसरीकडे कापड विणणारे हात रिकामे. यात भानूबाईंचा दोष तिळमात्र नाही. त्यांनी आपले काम चोख केले. पण एका वर्षाच्या या दोन हकिगती आम्हांला वेगवेगळ्या पुस्तकांत वाचाव्या लागल्या, याचे मात्र वाईट वाटते.

कोणी म्हणेल, तुमचे गाऱ्हाणे नेहमीचेच. मजूर बाई साडीवर सदरा घालते खरी, पण ते पाहून त्यात सौंदर्य ओळखणारा डोळा कलावंताचा असतो. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. झोपड्या महाराष्ट्रात लाखो होत्या, पण 'सावकारी पाश' काढणारे बाबुराव एकच. आणि पुण्याच्याच भरत नाट्य मंदिरात १६ डिसेंबर १९७२ रोजी तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' उभे राहिले, त्यातली माणसांची भिंत तरी कोणाला सुचली असती? रंगवलेला पडदा नाही, लाकडी मांडणी नाही. बारा पुरुषांची एक रांग डुलते, तिचीच भिंत होते, दार होते, आणि सत्तेची दुष्कृत्ये तिच्या पाठीआड लपतात. तेंडुलकर आणि दिग्दर्शक जब्बार पटेल यांनी जुन्या लोकनाट्यातून आणि कोकणातल्या खेळ्यांतून हे उचलले आणि त्याला नवा अर्थ दिला. कारखान्याच्या फाटकापुढे माणसांची भिंत आम्ही अनेकदा पाहिली होती, तिच्यात उभेही राहिलो होतो. तशी भिंत अन्यायही झाकू शकते, हे आम्हांला नाटकाने शिकविले. कलावंताचे हे ऋण आम्ही नाकारीत नाही. ज्याच्याकडून त्याने घेतले, त्याचेही ऋण खात्यावर मांडावे, एवढेच आमचे म्हणणे.

या म्हणण्याला एक अनुभवाचा आधार आहे. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका शिलाई कारखान्यात आमच्या युनियनच्या सभासद असलेल्या एका बाईने कुर्त्याच्या शिवणीत आतून एक छोटा कप्पा घातला. बसचा पास आणि नोटा सुरक्षित राहाव्यात म्हणून तिने तो स्वतःसाठी शिवला होता. कटिंग मास्तरांनी तो पाहिला, नमुन्यात घातला, माल खपला. बाईला नगावरची जी मजुरी होती तीच राहिली. आम्ही मालकांकडे गेलो. पैसे वाढवून मिळाले नाहीत. पुष्कळ वादानंतर नमुन्याच्या चिठ्ठीवर तिचे नाव लिहायचे त्यांनी कबूल केले. ती चिठ्ठी गिऱ्हाइकापर्यंत जात नाही. तरीही बाईंनी ती घरी नेऊन मुलांना दाखविली.

त्या दिवशी घरी परतताना आम्ही स्वतःवर खूश होतो. आणि वारज्याच्या पुलापाशी बस थांबली असताना आम्हांला आमचीच एक जुनी गोष्ट आठवली.

कामगारांच्या नाट्यस्पर्धा आपल्याकडे अनेक वर्षे होत आल्या आहेत. आम्हीही तरुणपणी एका वर्षी नाटक बसविले होते. विषय गिरणीच्या संपाचा. चाळीतली खोली दाखवायची होती. आम्ही खोक्यांच्या फळ्या ठोकून चौकटी केल्या, त्यांवर गोणपाट ताणले, पिवळा रंग दिला. खोली काही होईना. तालमीला एक म्हातारे गृहस्थ येऊन बसत. गिरणीत तेलवाल्याचे काम केलेले, संपानंतर पुतण्याच्या आश्रयाला पुण्यात आलेले. सगळे त्यांना मामा म्हणत. एके दिवशी ते उठून म्हणाले, "भिंतीला रंग कसला देताय? चाळीतली खोली भिंतीवरनं कळत नाही. दोरीवर काय वाळतंय आणि खुंटीला काय टांगलंय त्यावरनं कळते." मग त्यांनीच दोरी बांधली. घरोघरचे कपडे मागून आणून तिच्यावर टाकले. आणि दाराजवळच्या खुंटीला डब्याची एक पिशवी अडकविली. म्हणाले, "ही पिशवी शेवटपर्यंत हलवू नका. पाळीला जाणाऱ्याची पिशवी रोज खुंटीवरनं निघते नि रोज परत येते. संपात ती निघालीच नाही."

प्रयोगाला गिरणगाव सोडून आलेली काही कुटुंबे होती. तिसऱ्या अंकात एक पात्र सवयीने त्या पिशवीकडे हात नेते आणि हात मागे घेते. हा हावभावही मामांचाच. प्रेक्षागृहात बायांचे हुंदके ऐकू आले. आमचे भाषणबाज संवाद जे करू शकले नाहीत ते एका पिशवीने केले. परीक्षकांनी नेपथ्याची विशेष वाखाणणी केली.

त्या प्रयोगाची छापील पत्रिका आमच्याकडे आहे. तिच्यात 'नेपथ्य' या शब्दापुढे आमचे नाव आहे.

ते कोणी मुद्दाम केले नाही. पत्रिका आधी छापली गेली होती, मामा मागाहून आले, असे आम्ही मनाला समजावीत आलो. पण प्रयोगानंतर आमचे कौतुक झाले तेव्हा आम्ही उभे राहून नमस्कार केला, आणि मामा शेवटच्या रांगेत पुतण्याबरोबर बसले होते, हेही तितकेच खरे. मालकाने कप्प्याचे जे केले तेच आम्ही पिशवीचे केले. फरक इतकाच की, आमच्याकडे कोणी युनियन घेऊन आले नाही.

म्हणून इतिहास वाचताना आम्ही आता मोठ्या नावांच्या आजूबाजूला पाहतो. बालगंधर्वांच्या पैठणीच्या पदराशी मागावर बसलेला विणकर असतो. कपडेपट सांभाळणारा, रोज इस्त्री करून घड्या घालणारा एक माणूस असतो. भानूबाईंच्या रेखाटनाबरहुकूम रात्रभर टाके घालणारे शिंपी असतात. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत सापडले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने हळहळ केली. शाहू महाराजांच्या काळातली ती वास्तू. तिच्या रंगमंचाच्या फळ्या घासून घासून गुळगुळीत करणारे पाय नटांचे होते, तसेच मांडणी उचलून नेणाऱ्यांचेही होते.

वारजे १९९७ साली पुणे महापालिकेत आले. त्याआधी मुठेकाठचे हे एक खेडे. आज आपण ज्या इमारतींत राहतो त्या याच सदरेवाल्या बायांनी घमेल्या-घमेल्याने वर चढविल्या. उद्या कोणी हुशार वेशभूषाकार साडीवरचा सदरा उचलून रंगमंचावर नेईल, तर आम्हांला आनंदच होईल. नटीला तो शोभेलही. फक्त पत्रिकेत एक ओळ असावी की, हा पोशाख कोणाचा.

अशी ओळ लिहिण्यास आपल्यापासूनच आरंभ व्हावा, म्हणून आम्ही संयोजकांना एक विनंती केली होती. या व्याख्यानमालेचा मंडप बांधणारे, ध्वनिक्षेपक लावणारे, सतरंज्या घालणारे आणि रोज सकाळी मैदान झाडणाऱ्या बाई, यांची नावे या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापावीत. विनंती मान्य झाली याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

त्या पानावर तेलवाले मामांचेही नाव असावे अशी आमची फार इच्छा होती. त्यासाठी लिहायला बसलो तेव्हा आमच्या ध्यानात आले की, दोन महिने ते रोज आमच्या तालमीला येत होते, आमच्याबरोबर चहा घेत होते, आणि त्यांचे पूर्ण नाव आम्ही कधी विचारलेच नव्हते.